निळ्या खडूचे गोल

मानवजातीचा इतिहास म्हणजे अन्यायापुढे ताठ उभं राहिलेल्या माणसांचा इतिहास. आमची ताई मात्र त्या सकाळी उताणी पडली होती, एका व्हॅनखाली. बाहेर दिसत होत्या तिच्या चपला आणि एक हात. हातात निळा खडू होता.

ताई पडदे शिवते. ते घरोघर पोचवायला तिने वर्षाच्या कराराने व्हॅन भाड्याने घ्यायची ठरवली होती, दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी गाडी परत करताना आधीपासूनचा एक पोचा तिच्या नावावर लागला. अनामत गेली ती गेलीच, वर "बायकांच्या हातात गाडी दिली की व्हायचंच" हेही ऐकावं लागलं. अनामतीचं दुःख ती कधीच विसरली. ते वाक्य मात्र तिने जपून ठेवलं होतं, आणि ते बोलणारा व्यवस्थापक आत्ता बोटात चावी फिरवत समोर उभा होता.

"मॅडम, गाडी चकाचक आहे. सही करा आणि न्या."

"चकाचक आहे ना? मग बघू द्या की डोळे भरून," व्हॅनखालून आवाज आला.

ताई कापड तपासते तशीच गाडी तपासत होती. आधी उजेडात तिरकं बघायचं, मग डोळे मिटून तळहात फिरवायचा, दोष लागला की खडूने गोल. माझ्याकडे टेपचं दुसरं टोक होतं. आमच्या घराण्यात माझं स्थान साधारण तेच आहे. बघता बघता त्या पांढऱ्या व्हॅनला कांजिण्या आल्या.

"अहो, हे किरकोळ आहे."

"किरकोळ म्हणजे किती बोटं?"

"एवढं कुणी बघत नाही, मॅडम."

"मागच्या वेळी तुम्ही बघितलं होतंत."

त्याने मोठ्या आशेने माझ्याकडे पाहिलं. मी टेपकडे पाहिलं.

"पटत नसेल तर राहू द्या. दुसरी गिऱ्हाइकं आहेत," तो म्हणाला.

"बोलवा ना. गोल आयते काढलेत, त्यांनाही दाखवते."

फाटकातून खरोखरच एक जोडपं आत येत होतं. व्यवस्थापकाने मुकाट्याने करारावरच्या व्हॅनच्या चित्रात एकेक गोल उतरवला. शेवटी चित्रात व्हॅन शोधावी लागत होती.

"आता खाली लिहा, हे सगळं आधीचं. आणि सही तुमची."

त्याने सही केली. ताईने पाठीची धूळ झटकली, चावी घेतली आणि चालकाच्या जागी चढली. "आता बघा," ती म्हणाली, "बायकांच्या हातात गाडी."

चावी फिरली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

आम्ही इंच न् इंच चाचपला होता. इंजिन सुरू करून बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं. कापडाला इंजिन नसतं.

"बॅटरी उतरलेली दिसते. दुसरी व्हॅन देतो की," व्यवस्थापक त्या दिवशी पहिल्यांदाच हसला. "फक्त ती पहिल्यापासून तपासावी लागेल."

ताईने मुठीतल्या खडूकडे पाहिलं. नखाएवढा उरला होता. तिने सावकाश काच खाली केली.

"साहेब, जरा धक्का मारता का? आणि आधी हात पुसून घ्या. मागच्या दारावर अजून एकही गोल नाही."