बाळाचं वजन सहा किलो

समजा, स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या तुम्ही शेजारी शेजारी मांडल्यात, इतक्या जवळ की बसणाऱ्यांचे खांदे एकमेकांना घासावेत. त्यांच्या मागे आणखी दोन मांडा. वर पत्र्याचं छप्पर घाला, दोन्ही बाजूंना पंख लावा आणि नाकाला एक पंखा बसवा. झालं आपलं विमान! लहान विमान म्हणजे एवढंच असतं. आता पुढच्या डाव्या खुर्चीवर तुमच्या मामाला बसवा. इतर खुर्च्यांवर कोण बसणार, यावरूनच त्या सकाळी मोठा घोळ झाला.

आपल्या गोष्टीतला मामा घड्याळं दुरुस्त करायचा. तांदळाच्या कणीएवढा स्क्रू चिमट्यात धरायचा, तर त्याचा हातसुद्धा हलत नसे. विमान चालवायचा परवाना त्याला नुकताच मिळाला होता, आणि पहिली फेरी बहिणीला मारून आणायची, असं त्याने कबूल केलं होतं. बहिणीला सातवा महिना लागला होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "अर्धा तास जाऊन या, पण पुढच्या महिन्यात नाही हं." म्हणून आजचाच दिवस धरला.

त्या बहिणीची मुलगी म्हणजे मुंगी. वय आठ, उंची बेताची, प्रश्न भरपूर. तिलाही नेणार, हे ठरलेलंच होतं. आठवडाभर तिने शाळेत सगळ्यांना सांगून सांगून कान किटवले होते.

चौथी होती मावशी, तिघा भावंडांतली थोरली. वीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, "मी असल्याशिवाय हिने जमीन सोडायची नाही."

विमानांच्या शेडमध्ये पार्सलं तोलायचा मोठा काटा होता. मामाने सगळ्यांना एकेक करून त्यावर चढायला लावलं आणि पाटीवरच्या कागदावर पेन्सिलीने आकडे लिहायला सुरुवात केली.

"इतकं पेट्रोल भरल्यावर माणसं आणि सामान मिळून अडीचशे किलो," तो म्हणाला. "वर एक किलोसुद्धा नाही."

"माझं वजन मोठ्याने वाचू नकोस," आई काट्यावर चढता चढता म्हणाली.

"सत्तर!" मामा मोठ्याने म्हणाला.

"अरे, तुला काय सांगितलं मी?"

"ताई, कागदावर लिहायचं तर बोलावं लागतं."

मामा शहात्तर, मावशी चौऱ्याहत्तर, आई सत्तर, मुंगी पंचवीस. मग पिशवी काट्यावर ठेवली. बारा किलो! बेरीज गेली दोनशे सत्तावन्नवर.

"अक्का, काय भरलंयस यात?"

मावशीने पिशवी उघडली. रक्तदाब मोजायचं यंत्र, सहा टॉवेल, दोन थर्मास, कात्री, बाळाचं टोपडं, पायमोजे आणि एक भलीमोठी चादर.

"कात्री कशाला?" मामाचा आवाज जरा चिरकला.

"तुझी मिशी कापायला. कशाला म्हणजे काय! प्रसंग काय सांगून येतो?"

"अगं, अर्ध्या तासासाठी जातोय आपण. मला दोन महिने आहेत अजून," आई म्हणाली.

बरीच घासाघीस झाली. टॉवेल गेले, थर्मास गेले, चादर गेली. कात्री मामाने स्वतः काढून कपाटात ठेवली. पिशवी तीन किलोवर आली, एकूण दोनशे अठ्ठेचाळीस. मुंगीने टाळ्या वाजवल्या आणि ती दाराकडे धावलीसुद्धा.

"थांब," मामा म्हणाला. पेन्सिल त्याने कानामागून पुन्हा काढली होती. "एक प्रवासी राहिला. अक्का, सातव्या महिन्यात बाळाचं वजन किती असतं?"

"दीड किलो. फार तर दोन."

"दोन धरू. आणि भोवतीचं पाणी वगैरे?"

"पाणी, वार, सगळं मिळून... चार म्हण. कमी धरण्यापेक्षा जास्त धरलेलं बरं."

"अगदी बरोबर." मामाने ठळक अक्षरांत लिहिलं, बाळ, सहा किलो. खाली रेघ मारली आणि त्याचा चेहरा पडला. "दोनशे चोपन्न."

मावशीने पिशवी बाकावर ठेवून दिली. एवढा त्याग तिने जन्मात केला नव्हता. तरी दोनशे एक्कावन्न.

"एका किलोने काय होतंय?" आई म्हणाली.

"एका किलोने काय होतंय, असं म्हणत म्हणत लोक झाडावर जाऊन बसतात," मामा म्हणाला. पेट्रोल कमी करायला तो तयार नव्हता, आणि विमान अकरा वाजता दुसऱ्याला द्यायचं होतं, त्यामुळे दोन फेऱ्याही जमणार नव्हत्या. त्याने मुंगीसमोर उकिडवं बसून तिचे दोन्ही हात धरले. "मुंगे, तू पुढच्या खेपेला. अगदी नक्की."

पुढच्या खेपेचं मुंगीला दुःख नव्हतं. तिला वेगळंच लागलं होतं. ज्याने अजून डोळे उघडले नाहीत, ज्याला साधी सायकल माहीत नाही, ते बाळ आज विमानात बसणार, आणि ती, जन्मून आठ वर्षं झालेली ताई, कुंपणाशी उभी राहून टाटा करणार! घरात पुढे आयुष्यभर काय ऐकावं लागेल, ते तिला आत्ताच ऐकू यायला लागलं.

रडायच्या आधी तिने एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा आईच्या पोटाकडे.

"मामा, आई काट्यावर चढली तेव्हा बाळाला कुणी धरलं होतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे ते बाकावर बसलं होतं का?"

"वेडाबाई, ते पोटात आहे."

"मग ते पण चढलं ना!"

"ते वेगळा जीव आहे," मामा समजुतीच्या सुरात म्हणाला. "वेगळा प्रवासी, म्हणून वेगळी ओळ."

मावशीनेही मान डोलावली. शेवटी चार किलोंचा हिशेब तिचाच होता.

मुंगीने बाकावरची पाण्याची भरलेली बाटली उचलली आणि ती काट्यावर चढली. काटा साडेपंचवीसवर थांबला. मग तिने झाकण काढलं, बाटली तोंडाला लावली आणि तिथेच उभी राहून पाणी प्यायला लागली. घोट, घोट, घोट. मध्ये एकदा ठसका लागला. आई काळजीने पुढे झाली, पण मुंगीने हाताने तिला थांबवलं. शेवटचा थेंब संपला, तेव्हा रिकामी बाटली हातात धरून ती म्हणाली, "बघा आता."

काटा साडेपंचवीसवरच होता.

"पाणी बाटलीत होतं, आता माझ्यात आहे," मुंगी धापा टाकत म्हणाली. "आता पाण्याची वेगळी ओळ लिहा. अर्धा किलो."

मामाने कागदाकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, आणि त्याचे कान हळूहळू लाल झाले.

"वीस वर्षं!" आई मावशीला म्हणाली. "वीस वर्षं वॉर्डात काढलीस तू!"

"माझ्याकडे काय बघतेस? मी वजन सांगितलं. बेरीज त्याने केली." मावशीने पिशवी परत खांद्याला अडकवली.

मामाने बाळाची ओळ खोडरबराने पुसली आणि सगळी बेरीज पहिल्यापासून पुन्हा केली. आणि हे मला त्याचं फार आवडतं: हसण्यावारी न नेता त्याने मुंगीशी मोठ्या माणसासारखा हात मिळवला. "चूक माझी. चल."

"आधी एक नंबरला जाऊन येते," मुंगी म्हणाली आणि पळाली.

पुढच्या उजव्या सीटसमोरही मामासारखंच स्टिअरिंग होतं. विमान वर उचलताना ते छातीकडे येतं, आणि तिथे आईचं पोट आडवं आलं असतं. म्हणून पुढे मावशी बसली, कशालाही हात न लावण्याच्या अटीवर. मागे आई आणि मुंगी. आईचा पट्टा मावशीने स्वतः पोटाखालून नीट बांधून दिला. इंजिनाचा आवाज फार, म्हणून प्रत्येकाच्या कानांवर मोठे हेडफोन आणि बोलायला तोंडाशी छोटा माइक.

विमान धावलं, थरथरलं आणि अलगद सुटलं. घरं लहान झाली. रस्त्यावरचा ट्रक किड्यासारखा सरकू लागला. मावशीने डोळे घट्ट मिटून पिशवी उराशी धरली होती. आई मात्र काचेला नाक लावून हसत होती, एखाद्या शाळकरी मुलीसारखी. मध्येच तिने मुंगीचा हात ओढून पोटावर ठेवला. आतून एक ठोसा बसला. मग दुसरा.

मुंगीने खाली पाहिलं. सगळं जग पसरलं होतं, आणि बाळाला त्यातलं काहीसुद्धा दिसत नव्हतं. तिकडे आत नुसता अंधार. आपण कुणाशी भांडत होतो, असं तिला वाटून गेलं.

तिने आपले हेडफोन काढले. त्यांची एक वाटी आईच्या पोटाच्या या बाजूला लावली, दुसरी त्या बाजूला. मग वाकून माइक तोंडाशी धरला आणि ओरडून सांगायला सुरुवात केली, "हॅलो, मी ताई बोलतेय! खाली शाळा आहे. इथून ती काडेपेटीएवढी दिसते, तेव्हा घाबरू नकोस. आता उजवीकडे बघ... राहू दे, मीच बघून सांगते."