दुसऱ्याची पट्टी

अमेरिकेतल्या डुलुथ गावात मार्लिस ट्वेटने उभी हयात शाळेची बस चालवली. मग बर्फावरून घसरत आलेल्या एका ट्रकने तिची नोकरी संपवली आणि डाव्या हातात कायमची आग ठेवून दिली. गोळ्यांनी दुखणं जाईना, डोकं मात्र जड व्हायचं. म्हणून तिने विद्यापीठाच्या प्रयोगात नाव घातलं, आणि कोरिन नावाच्या तिथल्या संशोधक पोरीवर तिचा जीव जडला.

मेंदूचं चित्र काढणाऱ्या यंत्रात निजायचं. डोळ्यांसमोर एक लाल पट्टी. मेंदूतला दुखण्याचा भाग पेटला की ती चढणार, निवला की उतरणार. मनानेच ती उतरवायची. कशी, ते ज्याचं त्याने शोधायचं. मार्लिस मनातल्या मनात बस चालवायची, एकेका थांब्यावर एकेक पोर उतरवायची. कधी लवकर, कधी उशिरा, पण पट्टी खाली यायचीच.

"वा, मार्लिस! आज कमाल केलीत तुम्ही!" कोरिन माइकवरून म्हणायची.

हळूहळू हाताची आग खरंच निवली. मार्लिसने गोळ्या बंद केल्या. चर्चच्या तळघरात जमणाऱ्या इतर दुखणेकऱ्यांनाही ती आपली युक्ती शिकवू लागली. "अहो बर्निस, घाई कसली? पोरं उतरू द्या आधी!" असा तिथे तिचा दरारा.

प्रयोग संपला तेव्हा ती रुबार्बच्या आंबट देठांचा केक घेऊन कोरिनला भेटायला गेली. कोरिनने केकला हातच लावला नाही.

"मार्लिस, काहीजणांना खरी पट्टी दाखवणार नाही, असं सुरुवातीला सांगितलं होतं ना? तुम्ही त्यांतल्या."

सांगितलं होतं खरं. पण ते काहीजण म्हणजे दुसरं कोणीतरी, असंच प्रत्येकाला वाटत असतं.

"मग मी काय बघत होते?"

"दुसऱ्या एका पेशंटच्या मेंदूची जुनी नोंद. तुलनेसाठी तसं करावंच लागतं हो."

"आणि तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग ते 'वा मार्लिस' कशाला गं? कोणाचं कौतुक करत होतीस?"

"ते सगळ्यांना म्हणायचंच असतं. नियम आहे तसा."

मार्लिसला भयंकर संताप आला. यंत्र खोटं बोललं, ते तिने गिळलंही असतं. पण या पोरीने तोंडभरून, हसत हसत तिला फसवलं होतं. घरी जाताना हात असा पेटला की तिला गाडी कडेला घ्यावी लागली. तळघरातल्या माणसांना आता कोणत्या तोंडाने भेटायचं, या विचाराने ती तिथेच रडली.

खोटी पट्टी मिळालेल्यांना शेवटी खरी देतात, तशी रीतच आहे. मार्लिस जाणार नव्हती. पण त्या आगीने झोप उडाली, तेव्हा गेली. कोरिनशी न बोलता यंत्रात निजली. बस सुरू केली. पोरं उतरू लागली आणि पट्टी हलली, मग भराभर घसरत अगदी तळाला गेली.

"मार्लिस! अहो, इतकी खाली आजवर कोणाचीच आली नाही!" कोरिन माइकवरून ओरडली. "ही तुमचीच आहे. आईची शपथ!"

तोच आवाज. तसाच आनंद.

"हे तू तेव्हाही म्हणायचीस," मार्लिस म्हणाली.

यंत्र थांबवायचा रबरी फुगा तिच्या पोटावर ठेवलेला होता. तो तिने मुठीत धरला आणि सगळ्या ताकदीने दाबला. पट्टी विझली. ती निजली होती ती फळी बाहेर सरकली.

"माझा कोट दे," ती म्हणाली.

फुगा तिने डाव्या, दुखऱ्या हाताने दाबला होता. अजून त्याच मुठीत होता तो, घट्ट, आणि हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.