विमान कोण चालवतंय?

कॅप्टनना तरुण वैमानिक पाठीमागे 'काटेवाले' म्हणत. उभी हयात काट्यांच्या तबकड्या वाचण्यात गेली आणि निवृत्तीला चार वर्षं उरली असताना समोर हे चकचकीत पडदे आले. आज त्यांची परीक्षा होती. पास झाले तर नवं विमान, नाहीतर उरलेली नोकरी जमिनीवर, खुर्चीत. शेजारी परीक्षक म्हणून बसली होती ती त्यांचीच एके काळची विद्यार्थिनी. गुरूची विद्या गुरूला, म्हणतात ते असं.

उड्डाण झकास झालं. वर पोचल्यावर त्यांनी जुन्या सवयीने विमानाचा तोल बारकाईने साधला, ऑटोपायलटचं बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवले. खाली पिंजलेल्या कापसासारखे ढग पसरले होते आणि त्यांत सकाळचं ऊन मुरत होतं. विमान जागच्या जागी आहे, ढगच सावकाश मागे चाललेत, असं त्यांना वाटू लागलं. पुढच्या काचेतून हे बायकोला एकदा दाखवायचं राहूनच गेलं. ती गेली त्याला आता दोन वर्षं झाली. त्यांना भरून आलं.

"सर," परीक्षक हळूच म्हणाली, "विमान कोण चालवतंय?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. ऑटोपायलट लागला की वरच्या कडेला हिरवी अक्षरं येतात. तिथे काहीच नव्हतं. बटण दाबलं होतं, पण ते लागलंच नव्हतं. जुन्या विमानात सुकाणूची दांडी हाताला घट्ट लागली की ऑटोपायलट लागल्याचं कळायचं. इथे फक्त वाचायचं होतं, आणि नेमकं तेच राहिलं. इतका वेळ विमान नुसत्या साधलेल्या तोलावर तरंगत होतं.

"ऑटोपायलट मुद्दाम बंद ठेवलाय ना?" तिने विचारलं. त्यांनी हो म्हणावं, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

हो म्हणणं किती सोपं होतं. कॅप्टनच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही गं," ते म्हणाले. "कोणीच चालवत नव्हतं."

तिने परीक्षेचा कागद पुढे ओढला. मग म्हणाली, नापास करावं लागेल. ते म्हणाले, करायलाच हवं, आणि उतरेपर्यंत हातानेच नेऊ का, असं त्यांनी विचारलं. तिने होकारार्थी मान हलवली.

धावपट्टी समोरच मोकळी होती. तरी तिने रेडिओवरून लांबच्या वाटेने यायची परवानगी मागितली.