आतला कॉम्प्युटर

तिने ती बोटभर किल्ली तिसऱ्यांदा उपटली, बाहीला पुसली आणि कॉम्प्युटरच्या मागच्या खाचेत पुन्हा बसवली. पडद्यावरच्या खिडकीत तेच वाक्य उमटलं. ‘किल्ली सापडली नाही.’

“दिसत नाही ना?” पलीकडच्या टेबलावरून सासऱ्यांनी विचारलं.

“बाहेरच्याला दिसतेय, बाबा. आतल्याला दिसत नाहीये.”

दोन टेबलांच्या त्या कचेरीत सासरे आणि सून सतरा वर्षं काम करत आले होते. इमारतीचा कोणता खांब किती भार पेलेल याचं गणित ती करायची. तपासून सही ते करायचे. गेल्या महिन्यात जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली. त्यातली सिस्टीमही इतकी म्हातारी झाली होती, की तिची डागडुजी करणं कंपनीने केव्हाच सोडून दिलं होतं. तिने नवं मशीन आणलं आणि त्यावर सगळी नवी सिस्टीम चढवली. पण भाराचं गणित करणारा जुना प्रोग्राम तिथे चालेना. मग तिने जुन्याची अख्खी डिस्क उतरवून घेतली आणि नव्याच्या पोटात एक नकली कॉम्प्युटर उभा करून त्यात ती बसवली. एका खिडकीत जुनी सिस्टीम जशीच्या तशी उघडायची. प्रोग्रामला मात्र अजूनही ती खरी किल्ली लावावी लागायची; तिच्याशिवाय तो उघडायचाच नाही.

सासऱ्यांना हे मुळीच पटलं नव्हतं. “पोटभाडेकरू ठेवलायस,” ते म्हणाले होते. “गेल्या फायली तर गेल्या. कोण विचारतंय त्यांना आता?”

आज विचारणारा आला होता. शाळेच्या सभागृहावर पाण्याची टाकी चढवायची होती. सभागृह बांधलं तेव्हा, सोळा वर्षांपूर्वी, याच कचेरीने दाखला दिला होता की मंचाच्या वरच्या गच्चीवर पुढेमागे वीस हजार लिटरची टाकी बसवता येईल. कंत्राटदाराला आता फक्त नेमकी जागा हवी होती. कचेरीतला पाइप फुटला तेव्हा कागदांचा लगदा झाला होता. जागा सापडली तर जुन्या प्रोग्रामच्या फायलीतच.

फोन वाजला.

“मॅडम, क्रेन येऊन उभी आहे,” कंत्राटदार म्हणाला. “अंदाजाने ठेवू का? मंचाच्या बरोबर मध्यावर? ठेवली की लगेच भरून बघतो.”

“अंदाजाने काही करू नका. अर्धा तास द्या.”

“अर्धा तास कसला? क्रेनवाला डोकं खातोय माझं. खाली सभागृहात परीक्षा चाललीय, आवाज होतो म्हणून मोठ्या बाई दोनदा येऊन ओरडून गेल्या.”

“पंधरा मिनिटं,” ती म्हणाली आणि फोन पालथा ठेवला.

नवी सिस्टीम किल्ली स्वतःच धरून बसली होती. ती आतल्या कॉम्प्युटरकडे सोपवायची परवानगीच सुनेच्या नावावर नव्हती. तिने परवानगी जोडली, सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. पांढरी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती.

“राहू दे ना,” सासरे म्हणाले. “त्याला म्हणावं, टाकी जमिनीवर बसव. पंप लाव.”

“दाखला आपलाच आहे, बाबा. आता नाही म्हटलं तर तो ‘का?’ म्हणून विचारणार नाही?”

ते चष्मा काढून काच पुसत राहिले.

किल्लीचा दिवा हिरवा झाला. प्रोग्राम उघडला, फाइल उघडली आणि हिरव्या रेघांत सभागृहाचा सांगाडा उभा राहिला. मंचावरून आडवी जाणारी मोठी तुळई तिने बोटाने शोधली. दोन्ही टोकांना दोन खांब. आणि मधोमध, मंचाच्या पुढच्या कडेला, आणखी एक.

तिचं बोट तिथेच थांबलं.

गेल्याच महिन्यात ती त्या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसली होती. लेक मंचाच्या मध्यावर उभी राहून भाषण करत होती आणि दोघींच्या मध्ये काहीही नव्हतं. मंच मोकळा दिसावा म्हणून तो खांब काढलेला नकाशा मागाहून आला होता, हे तिला हळूहळू आठवत गेलं. बांधकाम त्या नकाशाप्रमाणे झालं. गणित आधीच्या नकाशावरच राहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात, ‘तयार करणार’च्या पुढे, तिची आद्याक्षरं होती.

तिने तो खांब पुसला आणि गणित पुन्हा चालवलं. तुळई लालभडक झाली. टाकीचा भार काढून पुन्हा चालवलं. या वेळी ती जेमतेम तगली.

फोन थरथरला. “टाकी उचलतोय हं मॅडम.”

“खाली ठेवा.”

“म्हणजे? रिकामीच ठेवतो वर, भरत नाही.”

“रिकामीही नाही. क्रेन मागे घ्या. दाखला चुकलाय. माझ्याकडून चुकलाय.”

पलीकडे कोणीतरी शिट्टी वाजवली, साखळ्या खडखडल्या. “उतरवली,” कंत्राटदार जरा वेळाने म्हणाला.

ती खुर्चीतच वळली. “बाबा, शाळेच्या त्या गणितात एक खांब...”

“नऊ नंबरचा,” सासरे म्हणाले.

पडद्याची पाठ त्यांच्याकडे होती. चष्मा अजून हातातच होता.

“तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“उद्घाटनाच्या दिवसापासून. आत पाऊल टाकलं आणि दिसलं.” त्यांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या, उघडल्या. “तुला सातवा होता. आणि सही माझी होती. दरवर्षी जाऊन बघून येतो. एक तडा नाही गं.”

“गेल्या महिन्यात तुमची नात उभी होती त्याखाली.”

त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला.

तिने शाळेचा नंबर लावला. घंटी वाजत असताना सासरे उठून अर्धवट उभे राहिले. “तासभरात पेपर सुटेल. तेवढं थांबलं तर...”

“नाही, बाबा.”

मुख्याध्यापिका बाईंनी फोन घेतला. तिने कोण बोलतंय ते सांगितलं. मुलांना आत्ताच्या आत्ता मैदानात आणा, छताची तपासणी होईपर्यंत सभागृहाला कुलूप लावा, मी निघालेच, म्हणाली. बाईंनी कुणाला तरी घंटा द्यायला सांगितल्याचं ऐकू आलं.

“पण हे तुम्हाला कळलं कधी?” बाईंनी विचारलं.

सासरे टेबलाचा कोपरा धरून तिच्याकडे बघत होते.

“आत्ताच,” ती म्हणाली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली.