रँडल वेल्डची डावी विंग

निशिकांत देवस्थळी यांनी सिंगापुरात तीस वर्षं एकाच बँकेत नोकरी केली आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात सव्वीस नाटकांतून एकच भूमिका केली : नायक. बँकेनं त्यांना साठाव्या वर्षी निवृत्त केलं. मंडळाच्या घटनेत तशी तरतूद नव्हती.

यंदा ते अडुसष्ट वर्षांचे. नाटक त्यांचंच : हॉलिवूडचा जुना नायक रँडल वेल्ड याचं आयुष्य. रँडल खाटकाचा मुलगा. त्यानं एकावन्न सिनेमे केले. पन्नासांत त्यानं शेवटी हॅट काढून उजवी भुवई वर नेली, एवढ्यावर जग खूश होतं. एकावन्नाव्यात त्याला वाक्यंच आठवेनात, तेव्हा कॅमेऱ्यामागे कुणीतरी वाक्यांचा फळा धरून उभं राहू लागलं. पंचविशीतला रँडल आणि पंचाहत्तरीतला रँडल, दोन्ही निशिकांतच. नायिका निहारिका वन-नॉर्थच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करायची, वय सत्तावीस. तालमीत ती विचारी, "काका, मिठीत येऊ, की आधी गुडघ्याचा पट्टा बांधून घेताय?"

फळ्याची गोष्ट निशिकांतांना फार जवळची वाटे. त्यांचा फळा म्हणजे सुलेखाबाई, त्यांच्या पत्नी. डाव्या विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर वही आणि हातात बॅटरी घेऊन त्यांनी सव्वीस नाटकं प्रॉम्प्ट केली होती. "पाठांतर हे दुय्यम पात्रांचं काम," असं निशिकांत म्हणत.

तीन आठवडे उरले असताना मेथी निवडता निवडता सुलेखाबाई म्हणाल्या, "अहो, यंदा मी विंगेत नाही."

"मग कुठे?"

"समोर. पहिल्या रांगेत. तिकीट काढलंय."

"तिकीट? तू?"

"सव्वीस नाटकं झाली, मी एकही पाहिलं नाही. वहीवरून नजर हलली की तुम्ही अडकता. तिथे उभं राहून तुम्ही नेमकं करता काय, ते मला एकदा बघायचंय."

निहारिकानं प्रॉम्प्टिंगला एक मैत्रीण आणली. मुलगी गुणी, पण इथेच वाढलेली. देवनागरीतलं वाक्य ती लावेपर्यंत रँडलचं दुसरं लग्न मोडलेलं असे. शेवटी निशिकांत पाठांतराला लागले. क्वीन्सटाउनच्या फ्लॅटबाहेरच्या व्हरांड्यात, लिफ्टमध्ये, एमआरटी मेट्रोत दांडीला धरून ते पुटपुटत. कुणी जागा देऊ केली, तर भुवई उंचावून नकार देत. नायक बसत नाही.

रविवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग लागला. पहिला अंक पार पडला. रँडलची एक बायको राहून गेली, पण त्याला तीन होत्या, कुणाला फरक पडला नाही. दुसऱ्या अंकाच्या शेवटी रँडल एकटा, हातात हॅट, चौदा वाक्यांचं निरोपाचं भाषण. चार वाक्यं झाली आणि पुढे सगळं कोरं.

सवयीनं त्यांनी डावीकडे पाहिलं. रिकामं स्टूल. मग समोर पाहिलं. पहिल्या रांगेत सुलेखाबाईंचे ओठ हलत होते. निशिकांत पुढे झुकले. तेवढ्यात बाईंच्याही ते ध्यानात आलं आणि त्यांनी पदराचं टोक तोंडावर दाबून धरलं. वर नुसते डोळे. तिकीट काढून आलेल्या माणसाचे.

"आजोबा फरगॉट लाह!" सात वर्षांची नात श्रिया अस्सल सिंगापुरी इंग्रजीत, स्वतःला हळू वाटेल अशा आवाजात ओरडली. हॉल हसला.

निशिकांतांच्या गुडघ्यातून कळ गेली. सव्वीस वर्षांची असावी.

"हो गं बाई, विसरलो," ते म्हणाले. "एकावन्न सिनेमे उभा होतो. आता बसतो."

आणि ते रंगमंचाच्या कडेला बसले. हॅट बाजूला ठेवली. भुवई वर गेली नाही. पडदा चौदाव्या वाक्यावर पडायचा होता. ते येईना, म्हणून पडदेवालाही इमानेइतबारे थांबून राहिला. निशिकांत बसून राहिले. सुलेखाबाई बघत राहिल्या. शेवटी निहारिकानंच आत जाऊन पडदा पाडला.

परतताना एमआरटीत निशिकांतांच्या कानामागे अजून रंग होता. बसायला जागा नव्हती.

"कसं झालं?" चार स्टेशनांनंतर त्यांनी विचारलं.

"फार भुवया उडवता हो. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं?"

"हेच."

"कुणी सांगितलं नाही?"

"सांगणारी विंगेत होती."

सुलेखाबाई जरा हसल्या. "शेवटी बसलात, ते मात्र आवडलं. दमलेले दिसलात. मला वाटायचं, आपल्यात मीच काय ती दमते."

एक कॉलेजातला मुलगा उठला. "अंकल, प्लीज." निशिकांतांची भुवई सवयीनं निघाली, अर्ध्यात थांबली आणि खाली आली.

"तू बस," ते बायकोला म्हणाले.

"तुम्हीच बसा," सुलेखाबाईंनी दांडी धरली. "मला इथून नीट दिसतंय."