वाकडी डोलकाठी

"डोलकाठी वाकलीय," गंगाराम तांडेल म्हणाला आणि केळशीच्या बंदरावर सकाळी सकाळी भांडण पेटलं.

"मामा, सुतासारखी सरळ हाय ती," त्याचा भाचा नितेश म्हणाला.

"मना शिकवतोस? ह्या होडीचं सुकाणू धरून माजं केस पिकलं!"

"केस पिकलेलं दिसतंय. डोलकाठी वाकलेली दिसत नाय."

गंगारामची बायको ठमाबाई टोपली खाली ठेवून पुढं आली. तिचा आवाज एरवी साऱ्या बंदराला पुरायचा. आज ती हळूच म्हणाली, "अवो, सरळच हाय ती."

"मंग मी काय आंधळा झालो?" गंगाराम ओरडला, आणि आपल्याच शब्दानं दचकला.

त्याचा डावा डोळा कधीच गेला होता. मधोमध कोळशासारखा डाग, कडेकडेनं काय ते दिसायचं. सारी भिस्त उजव्यावर. मागं गावात डोळ्यांचं शिबिर आलं होतं, तेव्हा तिथल्या डॉक्टरानं उजव्याच्या पडद्यावर पिवळे ठिपके दाखवले होते. "लेझरनं जाळून टाकतो. डावा गेला तसा हा जायचा नाही," असं तो म्हणाला. लेझर झालं आणि पुढच्या तपासणीत ठिपके खरंच नाहीसे झालेले निघाले. गंगाराम गावभर छाती काढून फिरला. "माज्या डोळ्याला आता मरण नाय!"

त्यामुळं पावसाळ्यानंतर लांबवर दर्या आभाळाला टेकतो ती रेघ मध्येच खचलेली दिसायला लागली, तेव्हा त्यानं धुकं म्हणून सोडून दिलं. ठिपकेच नाहीत, तर डोळ्याला होणार काय? आणि होडी हाकणाऱ्या तांडेलानं असलं बोलायचं तरी कुणाजवळ? झाकली मूठ सव्वा लाखाची.

भांडणाच्या रागातच होडी दर्यात गेली. परतताना उधाण होतं, वारा अंगावर येत होता. खाडीच्या तोंडाशी एका अंगाला वाळू, दुसऱ्या अंगाला काळा कातळ. किनाऱ्यावरचं सुरूचं उंच झाड आणि त्याच्या पुढ्यातला खांब एका रेषेत धरायचे आणि आत शिरायचं, ही बापजाद्यांची वाट. गंगारामनं रेष धरली. त्याच्या डोळ्यात सुरू आणि खांब अगदी एकामागं एक उभे होते.

"मामा! कातळ! कातळ!"

नितेशनं झेप घेऊन सुकाणू हिसकलं. तळ करकरत घासला, एक फळी फुटली. पाणी उपसत उपसत ते कसेबसे बंदराला लागले. कुणी शिवी दिली नाही, की कुणी काही विचारलं नाही. शिवी दिली असती तर बरं, असं गंगारामला वाटलं. त्यानं सुकाणूवरचा हात काढला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "नितेश, उद्यापास्नं तू धर."

ठमाबाईनं त्याला रत्नागिरीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं डोळ्यात औषध घालून बराच वेळ आत पाहिलं.

"ठिपके तर गेले व्हते," गंगाराम म्हणाला.

"लेझरनं ठिपके जातात, काका. पण ठिपके गेले म्हणून आजार थांबत नाही. तसं करून पाहिलंय डॉक्टरांनी, नजर काही वाचली नाही. आता पडद्याखाली पाणी झिरपतंय. त्याला इंजेक्शनं आहेत, डोळ्यात द्यावी लागतात. रेषा पहिल्यांदा वाकली तेव्हाच का नाही आलात?"

ठमाबाई पदर तोंडाला लावून भिंतीकडं बघत होती.

"आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू," डॉक्टरीणबाई म्हणाली. "रोज सकाळी डावा डोळा झाकून खिडकीचे गज बघायचे. काहीही बदल वाटला, की त्याच दिवशी यायचं."

इंजेक्शनं सुरू झाली. नितेश होडी नेऊ लागला. गंगाराम घरी जाळी विणायचा, बोटांनी गाठी चाचपायचा. सकाळी उठला की खिडकीपुढं उभा राहायचा, आणि ठमाबाई हातातलं काम टाकून दारात थांबायची.

हळूहळू गज सरळ होत आले. ठमाबाई पुन्हा मोठ्यानं बोलायला लागली.

मग एका सकाळी तो खिडकीपुढं फार वेळ उभा राहिला.

"काय वो? वाकलं काय?"

"नाय गो. सरळ हायत."

तो पुढं झाला आणि हात लांब करून मधला गज चाचपला. गार लोखंड हाताला लागलं. हाताला लागलं, पण डोळ्याला तिथं काहीच नव्हतं.

"ठमे," तो म्हणाला, "पयली यष्टी गाठायला होवी. चल."