माझ्या कर्जाची तारीख

मित्रांनो, मी एक जुनी वीजगाडी आहे. जुनी म्हणजे किती, असं विचाराल तर पुरती तीन वर्षांची. माणसाचं मूल या वयात धड बूटही घालायला शिकत नाही. पण गाड्यांच्या बाजारात विजेवर चालणाऱ्या गाडीला तीन वर्षांतच म्हातारी ठरवतात. "बॅटरी किती उरली?" एवढंच विचारतात आणि मान हलवून निघून जातात. या म्हातारपणी मी एकदा विकली जाणार होते. ती हकिकत मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण तिथलं मला फारसं आठवत नाही. माझ्या पोटाखाली जड बॅटरी बसवली, अंगाला पांढरा रंग दिला आणि शेवटी एका तपासनिसाने मला चालवून पाहिलं, एवढंच ध्यानात आहे. मग एका लांबलचक ट्रेलरवर चढवून, सात बहिणींसोबत, मला नागपूरला आणलं. तिथल्या दुकानात मी महिनाभर उभी होते. लोक यायचे, माझं दार उघडून आपटायचे, "रस्त्यात चार्जिंग संपली तर काय ढकलायची?" असं विचारून हसायचे आणि पेट्रोलच्या गाडीकडे वळायचे.

एक दिवस प्रेमिलाताई गजभिये आल्या. त्यांनी दार आपटलं नाही. पाठकोऱ्या कागदावर लिहून आणलेले अकरा प्रश्न त्यांनी विक्रेत्याला एकेक करून विचारले आणि प्रत्येक उत्तरापुढे खूण केली.

प्रेमिलाताई बेसाला राहतात आणि कोराडीच्या वीज केंद्रातल्या प्रयोगशाळेत काम करतात. आलेल्या कोळशात राख किती, ओल किती, हे तपासायचं त्यांचं काम. बेसा शहराच्या दक्षिण टोकाला आणि कोराडी उत्तर टोकाला. पहिली पाळी गाठायला त्या पहाटे घर सोडायच्या आणि दोन बस बदलायच्या. पन्नाशी उलटल्यावर त्या गाडी चालवायला शिकल्या, ते या बसच्या कंटाळ्यापायीच.

"मॅडम, या गाडीच्या कर्जावर जे व्याज भराल, त्यावर इन्कम टॅक्समध्ये सवलत आहे," विक्रेता म्हणाला. "फक्त कर्ज मार्च संपायच्या आत मंजूर झालं पाहिजे."

त्या सवलतीमुळेच मी त्यांना परवडत होते. प्रेमिलाताईंनी त्या उत्तरापुढे दोन खुणा केल्या. तो दोन हजार तेवीस सालचा मार्च महिना होता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी बेसाला आले. त्यांचे यजमान गोपाळराव गांधीबागेतल्या एका ठोक कापड दुकानात तीस वर्षं कामाला होते. त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, बोनेटवर टिचकी मारली आणि म्हणाले, "गाडी आणली का खेळणं वं?" प्रेमिलाताईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. चार्जरची वायर मला लावताना त्या म्हणाल्या, "खा बाई पोटभर. कोळसा आम्हीच तपासतो, वीजही आमच्याचकडची."

दोन वर्षं फार सुखाची गेली. रोज कोराडी आणि परत. मे महिन्यात डांबर वितळायला लागायचं तेव्हा प्रेमिलाताई मला सावली शोधून उभं करायच्या. रविवारी ओल्या फडक्याने काचा पुसायच्या.

मग गोपाळरावांना लकवा मारला. डावा हात आणि डावा पाय लुळे पडले, जीभही जड झाली. जीव वाचला. डॉक्टरांनी सांगितलं की आठवड्यातून तीन दिवस व्यायामोपचाराला आणा, माणूस उभा राहील. ऑटोत चढताना त्यांचा पाय पायरीवर टिकत नसे, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पाळी संपवून प्रेमिलाताई घरी यायच्या, दोन घास खायच्या आणि चार वाजता त्यांना माझ्यात बसवायच्या. माझ्या सीटची उंची त्यांच्या कमरेला बरोबर जुळत होती. मला खेळणं म्हणणारे गोपाळराव आता माझ्या दाराला धरून आत येत. बोलत मात्र फार कमी.

अशात ती नोटीस आली.

मित्रांनो, माझ्या आत बसून कुणी फोन केला की दोन्ही बाजूंचं बोलणं माझ्या स्पीकरवर ऐकू येतं. त्यामुळे मला सारं कळलं. आयकर खात्याने प्रेमिलाताईंचे कागद तपासायला मागवले होते. त्यांनी बँकेचा दाखला पाठवला. त्या दाखल्यावर माझ्या कर्जाची तारीख होती तीन एप्रिल. मार्च संपून तीन दिवस झाले होते. सवलत का नाकारू नये, ते पंधरा दिवसांत सांगा, असं आता खात्याने विचारलं होतं. आणि या वर्षीची सवलत गेली असती, तर मागचीपुढची सगळीच गेली असती. वर व्याज आणि दंड.

त्यांचे कर सल्लागार अंकित म्हणाले, "मॅडम, भरून टाका. कागदच तुमच्या विरोधात आहे. भांडून काय करसान?"

प्रेमिलाताई तरी बँकेत तीनदा गेल्या. पहिल्यांदा साहेब सुट्टीवर होते. दुसऱ्यांदा सर्व्हर बंद होता. तिसऱ्यांदा त्यांना खिडकीवर विचारता आलं, "दाखल्यावर तारीख चुकली आहे का?" आणि आतून उत्तर आलं, "नाही मॅडम, पैसे तीन एप्रिललाच गेले आहेत." मला जिथून घेतलं ते दुकान तर वर्षापूर्वीच बंद पडलं होतं. तिथे कुणी भेटतं का पाहायला त्यांनी मला शटरसमोर उभं केलं. मग दोन्ही हात स्टीअरिंगवर आपटले. माझा हॉर्न वाजला आणि आम्ही दोघीही दचकलो.

"सरकारच सांगते का वीजगाडी घ्या, सवलत देतो," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "अन् घेतली तर म्हणते, दाखवा कागद. पेट्रोलची जुनी गाडी घेतली असती तर कोणी विचारलं नसतं मले."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण मला वाटत राहिलं, की मी आले नसते तर या बाईला हा त्रास झाला नसता.

मुदतीच्या नवव्या दिवशी प्रेमिलाताईंनी बोलावलेलं गिऱ्हाईक मला पाहायला आलं. दंड भरायचा तर माझा हप्ता झेपणार नव्हता. रोशन नावाचा गृहस्थ होता, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारा. त्याने माझी चाकं दाबली, सीट उचलून पाहिली आणि बॅटरीबद्दल तेच विचारलं. मग भाव सांगितला. तो ऐकून मला लाज वाटली. प्रेमिलाताईंनी घासाघीस केली नाही. "माझं कर्ज फिटते ना तेवढ्यात? मंग झालं," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी बयाण्याचे पैसे घेऊन येतो, असं सांगून तो गेला.

त्याच दिवशी चार वाजता आम्ही दवाखान्याला निघालो. मानेवाडा ओलांडल्यावर गोपाळराव अचानक बोलले. "गाडी नको विकू वं."

"काहून नको? हप्ता आहे, तुमची व्यायामाची फी आहे, अन् आता हा दंड. कुठून आणू मी?"

"पण चूक तिची नाही. माही हाय."

"काय बोलून राहिले तुम्ही?"

गोपाळरावांनी उजव्या हाताने आपला डावा हात मांडीवर नीट ठेवला. एकेक शब्द त्यांना ओढून आणावा लागत होता. "बँकेचा फॉर्म. सहीले देला होता तुनं मले. मी चार दिवस कपाटात दाबून ठेवला. म्हटलं, मार्च निघून जाईन, अन् हे गाडीचं खूळ तुह्या डोक्यातून जाईन. ते चार दिवस मी खाल्ले. म्हणून एप्रिल लागला."

प्रेमिलाताईंनी मला रस्त्याच्या कडेला घेतलं आणि चारही दिवे लावले. बाजूने बस, ऑटो, दुचाक्या जात होत्या. मला वाटलं, आता त्या ओरडतील. त्यांनी मान वळवून यजमानांकडे पाहिलं. "नोटीस आल्यापासून हे पोटात घेऊन बसले होते?"

"हाओ."

"म्हणून जेवण जात नव्हतं?"

गोपाळराव खिडकीबाहेर पाहू लागले.

"थांबा, आठवू द्या मले," प्रेमिलाताई म्हणाल्या. "फॉर्म मी बँकेत मंगळवारी दिला. अठ्ठावीस तारीख. गुरुवारी रामनवमीची सुट्टी होती. अन् शुक्रवारी संध्याकाळी बँकेतून फोन आला होता, मॅडम, तुमचं झालं म्हणून. पैसे तर सोमवारी गेले. मंग शुक्रवारी काय झालं होतं?"

"म्हंजे?" गोपाळरावांनी विचारलं.

"अवो, आमच्या लॅबमध्ये कोळशाच्या पुडीवर दोन तारखा राहतात. नमुना घेतला ती एक अन् तपासला ती दुसरी. दोन्हीत गफलत केली तर साहेब रिपोर्ट तोंडावर फेकते. वीस वर्षं झाली मले हे करून. अन् बँकेच्या कागदावर एकच तारीख पाहून मी गुमान बसली! मंजूर कधी झालं, हे मी कोणाले विचारलंच नाही. पैसे कधी गेले, तेच सारे सांगून राहिले."

त्या दिवशी गोपाळराव व्यायामाला आत गेल्यावर त्यांनी माझ्यात बसूनच बँकेत फोन लावला. या वेळी फोन काजल नावाच्या नवीन अधिकारी मुलीने उचलला. प्रेमिलाताईंनी एकच प्रश्न विचारला. पलीकडे की-बोर्डची टकटक ऐकू आली.

"मॅडम, दाखल्यात कॉम्प्युटर पैसे दिल्याचीच तारीख छापते," काजल म्हणाली. "मंजुरीची वेगळी असते. पत्र आहे का तुमच्याजवळ?"

"ते तुम्ही परस्पर गाडीच्या दुकानात पाठवलं होतं. दुकान बंद पडलं."

"मग मूळ फाइल काढावी लागेल. जुन्या फाइली दुसऱ्या इमारतीत आहेत. मी स्वतः जाऊन पाहते. दोन दिवस द्या."

मुदतीचे सहाच दिवस उरले होते. सकाळी रोशन आला, तेव्हा प्रेमिलाताईंनी त्याला रविवारपर्यंत थांबायला सांगितलं. "तोवर भाव उतरला तर मले बोलू नका," तो म्हणाला. "उतरू द्या," त्या म्हणाल्या. माझ्या चाकांत हवा कमी होती, तरी मला एकदम हलकं वाटलं.

एक दिवस गेला, दोन गेले. दुसऱ्या दिवशी फोनच आला नाही. त्या संध्याकाळी प्रेमिलाताईंनी घरी पोहोचल्यावर मला बंद केलं आणि त्या चार्जरची वायर लावायचीही विसरल्या.

तिसऱ्या दिवशी कोराडीहून परत येताना रिंग रोडवर माझ्या स्पीकरवर घंटी वाजली.

"मॅडम, काजल बोलते. फाइल मिळाली. मंजुरी एकतीस मार्चची आहे. मॅनेजरसाहेबांची सही आहे, शिक्का आहे. आम्ही दाखला चुकीचा दिला, त्याबद्दल माफ करा. दुरुस्त दाखला आणि मंजुरीपत्राची प्रत आजच मेल करते."

"पुन्हा एकदा सांग वं बाई तारीख," प्रेमिलाताई म्हणाल्या.

"एकतीस मार्च."

त्यांनी मला एका निंबाच्या झाडाखाली थांबवलं. आधी त्या हसल्या, मग पदराने डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या. नंतर घरी फोन लावला. गोपाळरावांनी उचलला.

"ऐकून राहिले ना? तुमची सही वेळेतच होती. तुमच्यानं काही बिघडलं नव्हतं. आता दोन पोळ्या खा अन् तयार राहा, चार वाजता निघायचं आहे."

पलीकडून जड जिभेने एक लांब "हाओ" आला.

पुढचं काम अंकित यांनी केलं. कागद चढवताना साइट दोनदा अडकली, तिसऱ्यांदा चालली. पाच आठवड्यांनी उत्तर आलं, सवलत मान्य. ते वाचून दाखवताना अंकित जरा ओशाळले होते. "मॅडम, मी भरून टाका म्हटलं होतं."

"बरं झालं, मी भरले नाही," प्रेमिलाताई म्हणाल्या.

रोशनला त्यांनी नकार कळवला होताच.

आज रविवार आहे. बेसाच्या पुढे एक ले-आउट आहे. प्लॉट पाडलेत, रस्ते झालेत, घरं अजून यायची आहेत. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी गोपाळरावांना तपासून सांगितलं, "डावा पाय कच्चा आहे, पण उजवा ठणठणीत. तुमच्या गाडीला क्लच नाही, गिअर नाही. मोकळ्या जागेत, घरचं माणूस सोबत घेऊन, हळूहळू चालवून पाहायला हरकत नाही." हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. माझ्यासारख्या गाडीला चालवायला एकच पाय लागतो.

म्हणून आज चालवायच्या जागी गोपाळराव बसले आहेत. डाव्या हाताची बोटं त्यांनी उजव्या हाताने उचलून स्टीअरिंगवर ठेवली. प्रेमिलाताई शेजारी बसल्या आहेत, एक हात हँडब्रेकवर. "जमन का वं मले?" "जमन. घाई नका करू." आणि मी निघाले, माणूस चालतो तेवढ्याच वेगाने.

मित्रांनो, गाडी असेल तर तिच्या चाकांत हवा भरा, काचा पुसा, कागद जपून ठेवा. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. तुमच्या घरात कुणी गप्प गप्प राहू लागलं, त्याला जेवण जाईनासं झालं, तर त्याला शेजारी बसवून थोडं फिरवून आणा. एकमेकांकडे न पाहता, दोघंही पुढे रस्त्याकडे पाहत असतील, तेव्हा माणसं मनातलं सांगतात. माझ्या सीटवर बसलेल्या माणसांकडून मी ते ऐकलं आहे.

ही त्यांची दुसरी फेरी. वळण आलं आहे. गोपाळराव ब्रेकवर पाय ठेवतात, मी थांबते. प्रेमिलाताई म्हणतात, "पुरे आता, दमसान."

ते नाही म्हणून मान हलवतात, पाय हळूच ब्रेकवरून उचलतात आणि मी पुन्हा निघते.